सल्फाइट, उंदीर आणि मात्रेचा प्रश्न

बेदाणे, सुके जर्दाळू, फळांचे रस आणि वाइन टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइट या सल्फाइटने प्रयोगशाळेतील उंदरांच्या जठराला इजा झाली, तेव्हा त्याचा कणभर अंशही माणसाला विषच, असे सातत्याने सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून मुळीच निघत नाही, आणि इजा किती मात्रेने झाली हा साधा प्रश्नही न विचारता तो बिनदिक्कत पसरवला जावा, हे खेदजनक आहे.

या बाबतीत आधारभूत मानला गेलेला अभ्यास टिल, फेरॉन आणि द ग्रोट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उंदरांच्या खाद्यात २ टक्क्यांपर्यंत मेटाबायसल्फाइट मिसळण्यात आले. १ टक्का व त्याहून अधिक प्रमाणात उंदरांच्या विष्ठेत डोळ्यांना न दिसणारे रक्त आढळले आणि जठराच्या अस्तरातील पेशींची अवाजवी वाढ झाली, ०.२५ टक्क्यांना मात्र काहीच अपाय दिसला नाही, आणि कर्करोगाचे लक्षण कोणत्याच प्रमाणात आढळले नाही. ०.२५ टक्के म्हणजे दर किलो वजनामागे रोज सुमारे ७० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड (सल्फाइटची मात्रा याच रूपात मोजतात). या आकड्याला खबरदारी म्हणून शंभराने भागून माणसासाठी ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला ४२ मिलिग्रॅम, ही मर्यादा काढण्यात आली. शिवाय सल्फाइट थायामिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, रेणू तोडते, त्यामुळे १९४० च्या दशकातील प्रयोगांत दिसलेला बराचसा अपाय या जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता. म्हणूनच डच संशोधकांनी खाद्यात थायामिन मुद्दाम वाढवले होते.

याचा अर्थ काळजीचे कारणच नाही, असे म्हणणारेही तितकेच चुकतात. सल्फाइटचे निरुपद्रवी सल्फेटमध्ये रूपांतर करणारे सल्फाइट ऑक्सिडेज हे एन्झाइम उंदराच्या यकृतात माणसापेक्षा कितीतरी अधिक सक्रिय असते, त्यामुळे उंदराने पचवलेली मात्रा माणसालाही पचेलच असे नाही. सांगली-तासगाव भागात सोनेरी बेदाण्यांचा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. अशा बेदाण्यांत किलोमागे १५०० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड उरले असेल, तर अवघ्या २८ ग्रॅममध्ये, म्हणजे लहानशा मुठीत, वरील मर्यादा संपते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तर २०२२ मध्ये, उंदरांच्या मज्जासंस्थेवरील परिणाम लक्षात घेऊन आणि उपलब्ध माहिती अपुरी ठरवून, ही मर्यादाच मागे घेतली आणि सल्फाइटयुक्त पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या बाबतीत चिंता व्यक्त केली.

‘नैसर्गिक पदार्थात सल्फाइट नसतेच’ हेही खरे नाही: यीस्ट आंबवताना ते तयार करते, आणि सिस्टीन या अमिनो आम्लापासून ते मानवी शरीरातही बनते.

दम्याच्या काही रुग्णांना मात्र वरील मर्यादेहून खूपच कमी मात्रेनेही श्वासाचा तीव्र झटका येतो. उंदरांच्या जठरावरून ठरवलेला कोणताही आकडा त्यांना संरक्षण देत नाही, आणि याच कारणाने अमेरिकेने १९८६ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या ताज्या फळा-भाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदी घातली.