कॉलमचा क्रमांक की कॉलमचे नाव?

एक्सेलमध्ये व्हीलूकअप लिहिताना कॉलमचा क्रमांक ४ ऐवजी ५ पडला, तर बहुतेक वेळा चूक दिसतच नाही. सूत्र चालते, आकडाही येतो. फक्त तो शेजारच्या कॉलमचा असतो. पगारपत्रकात किंवा अनुदानाच्या यादीत असा आकडा कुणाच्या तरी खात्यावर जातो.

पहिला गैरसमज असा की कॉलम शीटच्या डाव्या कडेपासून मोजले जातात. व्हीलूकअप आणि शीर्षकाचे स्थान शोधणारे मॅच ही फंक्शने आपण निवडलेल्या रेंजच्या पहिल्या कॉलमपासून मोजतात. रेंज 'सी'पासून असेल, तर 'एफ' चौथा. 'कॉलम' नावाचे फंक्शन मात्र शीटवर मोजते आणि त्याच 'एफ'ला ६ म्हणते.

एकदा क्रमांक लिहिला की काम संपले, हाही गैरसमजच. मध्ये कुणी नवा कॉलम घातला, तर सूत्रातली रेंज आपोआप रुंदावते, पण हाताने लिहिलेला ४ तसाच राहतो. तो क्रमांक मॅचने शीर्षकावरून काढला, तर तो कॉलमबरोबर सरकतो.

पण मॅच आपणहून तंतोतंत नाव शोधते, असेही नाही. सूत्रातली तिसरी जागा रिकामी सोडली, तर ते १ धरते. म्हणजे शीर्षके चढत्या क्रमाने लावलेली आहेत असे मानून जवळपासचे उत्तर देते. शीर्षके अशी लावलेली क्वचितच असतात, म्हणून तिथे ० लिहावेच लागते. २०१९ मध्ये जाहीर झालेले एक्समॅच मुळातच तंतोतंत शोधते.

सर्वांत चिवट गैरसमज: सारखे दिसणारे नाव सारखेच असते. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मॅच करत नाही, पण शेवटी राहिलेली मोकळी जागा त्याला चालत नाही. ती ट्रिम फंक्शनने जाते. वेबपानावरून आलेली १६० संकेतांकाची मोकळी जागा ट्रिमनेही जात नाही. मराठीत आणखी एक खाच आहे. 'शेतकऱ्याचे नाव' मधला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. तक्ते हाताळणाऱ्या पायथॉनच्या पांडास लायब्ररीला ती दोन वेगळी नावे वाटतात. म्हणून शीर्षक पुन्हा टंकू नये, तक्त्यातूनच कॉपी करावे.

एक्सेलबाहेर मोजणीची सुरुवातही बदलते: पांडास कॉलम ० पासून मोजते, आर ही भाषा १ पासून. एकातला क्रमांक दुसऱ्यात जसाच्या तसा वापरू नये.

जुन्या फाइलींमधले हाताने लिहिलेले कॉलम-क्रमांक आजच शोधा आणि तिथे मॅच बसवा, शेवटच्या शून्यासकट.