माहिती चौकट : संघ नाशिकचा, सामने गहुंज्याचे

महाराष्ट्र प्रीमियर लीग जून 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ‘ईगल नाशिक टायटन्स’ तीत खेळतो आहे. 2024 मध्ये तो अंतिम फेरीत रत्नागिरी जेट्सकडून हरला, 2025 मध्ये रायगड रॉयल्सला हरवून विजेता ठरला. या तिन्ही हंगामांत पुरुषांचे सामने झाले पुण्याजवळच्या गहुंज्यात. त्यामुळे नाशिककर चाहत्याची चिडचिड पराभवावर नाही, नियोजनावर आहे. शहराचं नाव जर्सीवर घ्यायचं आणि शहराला मात्र टीव्हीसमोर बसवायचं, हा व्यवहार एकतर्फीच म्हणायचा.

एकाच मैदानावर प्रक्षेपण, निवास, प्रवास सगळं स्वस्त पडतं, हे आयोजकांचं म्हणणं खोटं नाही. नव्या स्पर्धेला ते पहिल्या वर्षी शोभूनही दिसतं. पण मैदानाची सबब टिकत नाही. जानेवारी 2025 मध्ये नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना झाला आणि महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवलं. चार दिवसांचा सामना जिथे होतो, तिथे दुपारचे दोन-तीन टी-ट्वेंटी सामने का नकोत? पावसाचं म्हणाल, तर 2023 च्या अंतिम लढतीत तो गहुंज्यातही आडवा आलाच होता. तमिळनाडूची लीग दिंडीगुल, सेलम, तिरुनेलवेलीपर्यंत जाते, तीही चेन्नईसारखं जुनं केंद्र हाताशी असताना. खर्च वाढेल, हे मान्य. मग निदान दोन सामन्यांपासून सुरुवात करावी.