पाहुणं वाद्य घरचं झालं!

मुलांनो, पंडित शिवकुमार शर्मांचं संतूर तुम्ही ऐकलं असेलच. आज त्याच्या चिनी भावंडाला भेटू या. त्याचं नाव यांगछिन. लाकडाची पसरट पेटी, तिच्यावर शंभराहून जास्त तारा, आणि वाजवायला बांबूच्या दोन लवचिक काड्या. काड्यांच्या टोकांना रबर लावलेलं असतं. म्हणून आवाज कसा मऊ येतो!

गंमत म्हणजे, हे वाद्य मूळचं चीनचं नव्हेच. सुमारे ४०० वर्षांपूर्वी ते समुद्रमार्गे दक्षिण चीनमध्ये आलं. तेव्हा त्याच्या नावातल्या ‘यांग’चा अर्थ होता ‘परदेशी’. पुढं लोकांना ते इतकं आवडलं, की तोच उच्चार असलेलं दुसरं अक्षर नावात आलं आणि ‘परदेशी’ हा अर्थच गेला. पाहुणा घरचा झाला!

लियू युएनिंग या बीजिंगच्या नामवंत यांगछिनवादक. तिथल्या मोठ्या संगीत महाविद्यालयात त्या प्राध्यापिका. पण स्वतः शिक्षिका असूनही त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. हंगेरीत जाऊन त्यांनी तिथलं सिम्बालोम अभ्यासलं, आणि भारतात येऊन आपलं संतूर. ही सारी एकाच कुळातली वाद्यं बरं का!

आता तुम्ही म्हणाल, त्यात अवघड काय? दोन वाद्यं एकत्र वाजवली की झालं! छे, ती नुसती भेळ होईल. आपल्या रागसंगीतात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते. काडीनं छेडलेली तार मात्र एकच सूर देते. १९५५ साली शिवकुमारजींनी मुंबईत संतूर वाजवलं, तेव्हा जाणकारांचा आक्षेप हाच होता. त्यांनी काडी तारेवरून अलगद घसरवत सूर जोडून दाखवले. यांगछिनवाले वेगळी युक्ती करतात. घोडीच्या एका बाजूला काडी मारायची आणि दुसऱ्या बाजूला तीच तार बोटानं दाबायची. ताण वाढतो, सूर वर सरकतो.

घरीच करून बघा. डब्यावर रबर ताणा, खाली दोन पेन्सिली सरकवा. मधला रबर छेडा आणि पेन्सिलीपलीकडचा भाग दाबा. आवाज बदलला ना?

दुसऱ्याचं संगीत आपल्या वाद्यावर आणायचं, तर आधी ते मन लावून ऐकावं लागतं. मग हातांना नवं वळण लावावं लागतं. प्राध्यापिकेलासुद्धा!