प्रतिकृती अग्निबाण : छंद, शास्त्र आणि शिस्त

दिवाळीतील बाण कोणाच्या पाहण्यात नाही? रिकाम्या बाटलीत त्याची काडी उभी करावयाची, वात पेटवावयाची आणि दूर पळावयाचे. पुढे तो बाण आकाशात जाईल की शेजारच्या गच्चीवर, हे कोणालाच सांगता येत नाही. वर गेलाच तर क्षणभर उजेड पडतो आणि बाण संपतो. त्याची उंची कोणी मोजीत नाही. तोच बाण दुसऱ्यांदा उडविता येत नाही. आणि त्याच्यात काही बदल केला तर काय होईल, हे विचारण्याची सोयही उरत नाही.

प्रतिकृती अग्निबाण या तिन्ही बाबतींत वेगळा आहे. तो पुठ्ठ्याची नळी, हलके लाकूड आणि पातळ प्लॅस्टिक यांचा बनविलेला असतो. तो ठरविलेल्या दिशेने वर जातो, हवाई छत्रीच्या आधाराने हलकेच खाली येतो आणि नवे एंजिन बसविले की पुन्हा उडतो. म्हणूनच तो खेळणे असूनही प्रयोगाचे साधन ठरतो. हे साधन कसे जन्मास आले, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

बुटांच्या दुकानातील संशोधक

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तेथे ऑर्व्हिल कार्लाइल हे गृहस्थ बुटांचे दुकान चालवीत. त्यांना शोभेच्या दारूकामाचा छंद होता, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना लहान विमाने बनविण्याचा. अग्निबाणाचे तत्त्व व्याख्यानात दाखविता यावे म्हणून रॉबर्ट यांना एक लहानसा नमुना हवा होता. दोघा भावांचे छंद येथे एकत्र आले. १९५४ च्या सुमारास कार्लाइल यांनी कागदी नळीचा, बदलता येणाऱ्या एंजिनाचा आणि छत्रीने उतरणारा अग्निबाण सिद्ध केला. त्याचे एकस्व त्यांना १९५८ मध्ये मिळाले.

त्याच सुमारास जी. हॅरी स्टाइन हे न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स येथील चाचणी-क्षेत्रात काम करीत होते. त्यांनी १९५७ च्या आरंभी एका लोकप्रिय मासिकात अग्निबाणांशी खेळण्यातील धोक्यांविषयी लिहिले. तो लेख वाचून कार्लाइल यांनी त्यांना पत्र लिहिले आणि आपले नमुने पाठविले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले. इतक्या लहान वस्तूत इतकी सुरक्षितता साधता येते, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि त्याच वर्षी त्यांनी असे अग्निबाण विकणारी एक कंपनी काढली.

ही वेळ मोठी निकडीची होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि अमेरिकेतील असंख्य मुलांनी तळघरांत व परसांत स्वतःचे अग्निबाण बनविण्यास प्रारंभ केला. हाती लागतील ती ज्वालाग्राही द्रव्ये धातूच्या नळीत ठासून भरावयाची आणि वात लावावयाची, अशी त्यांची रीत होती. नळी फुटली की तिच्या चिरफळ्या बंदुकीच्या गोळ्यांप्रमाणे सुटत. कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे डोळे गेले. काही मुले प्राणांसही मुकली. या धडपडीतून सुखरूप बाहेर पडलेली मुलेही होती. पश्चिम व्हर्जिनियातील कोलवूड या खाणगावच्या होमर हिकम यांनी पहिल्या प्रयत्नात आपल्या आईच्या बागेचे कुंपणच उडवून दिले. पुढे ते अमेरिकेच्या अवकाश-संस्थेत अभियंता झाले. परंतु प्रत्येक वेळी केवळ कुंपणावरच निभावेल, असा भरवसा कोणी द्यावा?

मुलांची जिज्ञासा दडपणे योग्य नव्हते आणि त्यांना स्फोटके कालवू देणेही योग्य नव्हते. स्टाइन यांनी या पेचातून मार्ग काढला, तो असा : एंजिन कारखान्यात तयार व्हावे, बाकी सर्व काही मुलांनी करावे. डेन्व्हर येथील व्हर्न एस्टेस यांनी एंजिने आपोआप भरणारे यंत्र तयार केले. ‘मेबल’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. एकेक एंजिन काही सेकंदांत आणि सारख्या मापाचे निघू लागल्यावर हा छंद हजारो घरांत पोहोचला. १९५९ मध्ये या छंदाचा पहिला राष्ट्रीय मेळावा डेन्व्हरजवळ भरला.

एंजिनाच्या पोटात

नेहमीच्या वापरातील एंजिन म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाची आणि ७० मिलिमीटर लांबीची जाड कागदी नळी होय. तिच्या खालच्या तोंडाशी मातीचे अरुंद मुख असते. त्याच्या वर दाबून घट्ट केलेली दारू, तिच्या वर सावकाश जळणारे विलंब-मिश्रण आणि सर्वांत वर एक लहानसा स्फोटक भार, अशी रचना असते. दारू सेकंदभरात किंवा दोन सेकंदांत जळून जाते. अग्निबाण मग वेगाच्या बळावर वर चढत राहतो आणि विलंब-मिश्रण धूर सोडीत त्याचा मार्ग दाखविते. ते संपताच वरचा भार पेटतो व त्याच्या वायूच्या दाबाने टोकाचा शंकू निघून छत्री बाहेर पडते. छत्रीला झळ लागू नये म्हणून तिच्याखाली अग्निरोधक कागदाचे बोळे भरतात.

एंजिनावर छापलेली खूण वाचावयास शिकणे हा या छंदाचा श्रीगणेशा होय. ‘बी ६-४’ अशी खूण असेल, तर ‘बी’ हे अक्षर एंजिनाचा एकूण आवेग सांगते. ‘ए’ची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०, म्हणजे प्रत्येक अक्षरागणिक ती दुप्पट होते. पुढचा ६ हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ४ म्हणजे दारू संपल्यापासून छत्री सुटेपर्यंतचे सेकंद. हा शेवटचा आकडा चुकला, तर बाकी सर्व काम व्यर्थ जाते. विलंब फार थोडा असल्यास अग्निबाण भरवेगात असताना छत्री उघडते व फाटते. फार अधिक असल्यास अग्निबाण नाक खाली करून जमिनीकडे झेपावत असतो.

सरळ का जातो?

अग्निबाणाच्या अंगी दोन अदृश्य बिंदू असतात. एक गुरुत्वमध्य : सर्व वजन जणू त्या ठिकाणी एकवटलेले असते. हवेत मोकळा असलेला पदार्थ याच बिंदूभोवती कलतो. दुसरा दाबमध्य : बाजूने येणाऱ्या हवेचा सर्व दाब जणू त्या ठिकाणी लागतो. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर कललेल्या अग्निबाणाची शेपटी हवा मागे ढकलते व नाक पुन्हा वाऱ्याच्या तोंडाशी येते. वाताकुक्कुट ज्या नियमाने फिरतो, तोच हा नियम. उलट दाबमध्य पुढे असेल, तर किंचितसा कलही वाढत जातो आणि अग्निबाण आकाशात कोलांट्या घेऊ लागतो. दिवाळीच्या बाणाची लांब काडीही दाबमध्य मागे नेण्यासाठीच असते. प्रतिकृती अग्निबाणात तेच काम पंख करतात.

या दोन बिंदूंत निदान नळीच्या एका व्यासाइतके अंतर असावे, असा व्यवहारातील नियम आहे. गुरुत्वमध्य शोधणे सोपे आहे : एंजिन व छत्रीसह सज्ज असलेला अग्निबाण दोऱ्यात टांगून तोलावा. दाबमध्यासाठी जुनी युक्ती अशी की, अग्निबाणाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर कापून ती बोटावर तोलावी. या रीतीने येणारे उत्तर बिंदूला खऱ्यापेक्षा पुढे दाखविते, म्हणून ते सावधपणाचे ठरते. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन या अभियंत्याने दाबमध्य गणिताने काढण्याची पद्धत छंदिष्टांपुढे मांडली. तीत बेरीज-गुणाकाराहून फारसे कठीण काही नसल्याने शाळकरी मुलांनाही ती वापरता आली.

बदल करण्यापूर्वी हिशेब

विकत आणलेल्या संचाचा अग्निबाण जोडून झाला की मुलांचे हात शिवशिवू लागतात. पंखांचा आकार बदलावा, नळी लांबवावी, मोठे एंजिन लावावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. खरे शिक्षण तेथेच सुरू होते. एक उदाहरण घेऊ.

४५ सेंटिमीटर लांब व २.५ सेंटिमीटर व्यासाचा एक अग्निबाण आहे. एंजिनावाचून त्याचे वजन ४० ग्रॅम असून गुरुत्वमध्य टोकापासून २४ सेंटिमीटरवर आहे. शेपटीत २४ ग्रॅमचे एंजिन बसविले; त्याचा मध्य टोकापासून ४१.५ सेंटिमीटरवर येतो. आता एकूण वजन ६४ ग्रॅम झाले आणि गुरुत्वमध्य मागे सरकून सुमारे ३०.६ सेंटिमीटरवर आला. दाबमध्य ३४ वर असल्यास अंतर ३.४ सेंटिमीटर उरते, म्हणजे एका व्यासापेक्षा अधिक. अग्निबाण स्थिर आहे.

आता हवेचा रोध कमी व्हावा म्हणून पंख कापून लहान केले आणि दाबमध्य ३१.५ वर आला, असे समजू. अंतर एक सेंटिमीटरहून कमी झाले! दिसावयास हा अग्निबाण पूर्वीपेक्षा डौलदार असेल. परंतु तो उडविणे धोक्याचे आहे. उपाय मात्र सोपा आहे. टोकाच्या शंकूत, अग्रापासून २ सेंटिमीटरवर, ६ ग्रॅम मळलेली माती पक्की बसविली की गुरुत्वमध्य २८.१ वर येतो आणि अंतर पुन्हा ३.४ होते. सहा ग्रॅम म्हणजे चिमूटभर माती. पण ती योग्य जागी पडली पाहिजे.

तथापि वजन वाढविण्यासही मर्यादा आहे. अग्निबाण जमिनीवरून निघताना त्याला वेग नसतो, म्हणून पंखांचाही उपयोग नसतो. तोवर सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची उभी सळई त्याला वाट दाखविते. सरासरी ६ न्यूटन रेटा धरल्यास ६४ ग्रॅमचा अग्निबाण सळई सोडताना सेकंदाला सुमारे १२ मीटर वेगाने जातो. हाच अग्निबाण सजावट व जादा नळ्या जोडून २०० ग्रॅमचा केला, तर तो वेग जेमतेम ६ मीटर राहतो. एवढ्यात पंखांना पकड येत नाही आणि वाऱ्याची एक झुळूकही त्याला आडवा करू शकते.

पंख अतिशय मोठे करणे हाही उपाय नव्हे. दाबमध्य फार मागे गेला, तर अग्निबाण वाऱ्याच्या दिशेने तोंड फिरवितो आणि उंची गमावतो. बाल्सा लाकडाचे पंख कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवाव्यात. आडव्या रेषांचा पंख पहिल्याच उड्डाणात मोडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर यशाचे श्रेय वा अपयशाचा दोष कोणाला द्यावा, हे कळत नाही.

उंचीचे माप

बदलाचा परिणाम कळावयाचा, तर उंची मोजली पाहिजे. त्यासाठी कोनमापक, दोरा आणि वजन एवढीच सामग्री पुरते. उड्डाणाच्या जागेपासून १०० मीटर दूर उभे राहून शिरोबिंदूचा कोन घ्यावा. कोन ३० अंश असल्यास उंची सुमारे ५८ मीटर, ४५ अंश असल्यास १००, आणि ६० अंश असल्यास १७३ मीटर.

येथे एक खुबी आहे. ४५ अंशाच्या जागी चुकून ४६ वाचले, तर उत्तर सुमारे ४ मीटरने बिघडते. परंतु ८० च्या जागी ८१ वाचले, तर चूक ६० मीटरांहून अधिक होते! म्हणून अपेक्षित उंचीइतक्याच अंतरावर उभे राहणे शहाणपणाचे. मोजमापाइतकेच मोजमापातील चुकीचेही ज्ञान हवे, हा धडा प्रयोगशाळेत वर्षभर बसूनही इतका सहज मिळत नाही.

शिस्त हाच पाया

या छंदाचे नियम मोजकेच, पण निरपवाद आहेत. एंजिन कारखान्यातीलच असावे. ते उघडू नये, पुन्हा भरू नये. अंगात धातूचा भाग नसावा. पेटविणे विजेच्या तारेने, निदान ५ मीटर अंतरावरून आणि मोठ्याने उलटे आकडे मोजूनच व्हावे. एंजिन पेटले नाही, तर वीज तोडून एक मिनिट थांबल्यावाचून कोणी जवळ जाऊ नये. सळई उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलवू नये. जागा मोकळी, कोरडे गवत नसलेली असावी. विजेच्या तारांत अडकलेला अग्निबाण तेथेच सोडून द्यावा.

भारतात परवान्यावाचून स्फोटक द्रव्ये तयार करण्यास १८८४ च्या स्फोटक अधिनियमाने मनाई आहे. एंजिने उपलब्ध नसतील, तेथे शाळांनी प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी व दाबलेली हवा भरून उडणारा जल-अग्निबाण निवडावा. तोही मोकळ्या मैदानात, डोळ्यांवर चष्मा लावून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच उडवावा. त्याला ज्वाला नसते. पण गुरुत्वमध्य, दाबमध्य, पंख, छत्री आणि उंचीचे माप हे सर्व त्याच्यातही आहे.

अठराव्या शतकात म्हैसूरच्या सैन्याने लोखंडी नळ्यांचे अग्निबाण वापरले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतभूमीवरील पहिला शास्त्रीय अग्निबाण आकाशात गेला. पुठ्ठ्याची नळी तोलून पाहणारा विद्यार्थी या दोहोंच्या मागचाच नियम शिकत असतो. उड्डाण थोड्याच वेळात उरकते आणि टाळ्या वाजतात. त्यापूर्वी कागदावर मांडलेला हिशेब आणि त्यानंतर वहीत उतरविलेला आकडा यांतूनच त्याचे खरे शिक्षण घडते.