इंग्लंडमधील ग्रामीण किनारी पॅरिशच्या विवाहनोंदी : स्वरूप, वाचन आणि मर्यादा

प्रस्तावना

राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासासाठी साधने विपुल असतात. सामान्य कुटुंबाच्या इतिहासाची साधने मात्र तुटपुंजी असतात. ही उणीव काही अंशी भरून काढणारे साधन म्हणून इंग्लंडमधील पॅरिशच्या, म्हणजेच एका चर्चच्या अखत्यारीतील गावपरिसराच्या, विवाहनोंदींकडे पाहिले जाते. डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्टलँड ही अशीच एक ग्रामीण पॅरिश होय. अशा पॅरिशमधील नोंदींचे स्वरूप, त्यांच्या वाचनाची पद्धत आणि मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोंदींचे टप्पे

१५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, असा आदेश काढला. १५९८ पासून या नोंदी चर्मपत्रावर लिहिणे आणि त्यांची वार्षिक नक्कल बिशपकडे पाठवणे आवश्यक झाले. मूळ वही नष्ट झाली असल्यास संशोधकाला ही नक्कल उपयोगी पडते. १६५३ च्या कायद्याने विवाहाचे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेले. परिणामी १६६० पर्यंतच्या अनेक वह्यांत खंड आढळतो.

१७५३ साली संमत झालेला हार्डविक यांचा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर घोषणा किंवा परवाना, तसेच दोन साक्षीदार आणि वधूवरांची स्वाक्षरी या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली व वय, व्यवसाय, पित्याचे नाव आणि पित्याचा व्यवसाय हे रकाने नोंदीत आले.

नोंदींचे वाचन

१७५४ पूर्वीच्या नोंदीत बहुधा तारीख व दोन नावे एवढाच मजकूर असतो. तारीखही जपून वाचावी लागते. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये अधिकृत वर्षारंभ २५ मार्च रोजी होत असल्याने वहीतील फेब्रुवारी १७२० म्हणजे आजच्या गणनेने फेब्रुवारी १७२१ होय.

वधूचे वय नोंदीत नसते. ते काढावे लागते. तिची बाप्तिस्म्याची नोंद शोधून विवाहनोंदीशी जोडणे, पुढे अपत्यांच्या व दफनाच्या नोंदी त्याला जोडणे, या पद्धतीस ‘कुटुंब-पुनर्रचना’ म्हणतात. फ्रान्समध्ये लुई आन्री यांनी ती विकसित केली. ई. ए. रिग्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली इंग्लंडमधील २६ पॅरिशचा या पद्धतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत हार्टलँडचा समावेश आहे. स्त्रियांचे प्रथम विवाहाचे सरासरी वय अठराव्या शतकाच्या आरंभी सुमारे २६ होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते सुमारे २४ पर्यंत उतरले, असे त्यातून दिसून आले. तत्कालीन लोकसंख्यावाढीमागे मृत्युदरातील घटीपेक्षा लवकर होणारे विवाह हे अधिक प्रभावी कारण होते, या निष्कर्षाचा पाया अशा एकेका ओळीच्या नोंदींनी घातला.

१७५४ नंतरच्या वहीत आणखी एक पुरावा मिळतो. ज्यांना लिहिता येत नसे ते स्वाक्षरीच्या जागी फुलीसारखी खूण करीत. संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये १८४० साली सुमारे एकतृतीयांश वर आणि निम्म्या वधू अशी खूण करीत होत्या. साक्षरतेचे हे मोजमाप स्थूल असले, तरी दोन पॅरिशची किंवा दोन पिढ्यांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे.

मर्यादा

विवाह वधूच्या पॅरिशमध्ये लावण्याची रूढी होती. त्यामुळे परगावची मुलगी केलेल्या वराची नोंद त्याच्या गावी सापडेलच असे नाही. किनारी भागात खलाशांच्या फिरतीमुळे ही अडचण अधिक जाणवते. कंपनीच्या चाकरीत मुंबईस येऊन येथेच विवाह केलेल्याचा शोध तर मुंबई इलाख्यातील चर्चनोंदींच्या नकलांत घ्यावा लागतो; त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. स्थलांतर केलेली कुटुंबे पुनर्रचनेतून निसटतात, म्हणून तिचे निष्कर्ष प्रामुख्याने स्थिर कुटुंबांचे असतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. क्वेकर व ज्यू यांना १७५३ च्या कायद्यातून सूट असल्याने तेही या वह्यांबाहेर राहिले.

समारोप

सुटी विवाहनोंद फारसे काही सांगत नाही. इतर नोंदींशी जोडल्यावरच तिला अर्थ प्राप्त होतो. वहीत काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिलेले नाही, हेही अभ्यासकाने तपासले पाहिजे. १८३७ च्या नमुन्यात पित्याला रकाना मिळाला, मातेला नाही. इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदीत मातेचे नाव येण्यास ४ मे २०२१ हा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंतच्या १८४ वर्षांत मुलामुलींच्या विवाहनोंदीत आईला स्थान नव्हते. तिचा शोध घ्यायचा, तर तिच्या स्वतःच्या विवाहाच्या नोंदीपर्यंत, कदाचित तिने तेथे केलेल्या फुलीपर्यंत, मागे जावे लागते.