निवाडा आणि पश्चात्ताप : ‘पेंटिमेंट’ या खेळाचा विचार

चित्रकार चित्र रंगवीत असताना कधी एखाद्या हाताची ठेवण बदलतो, कधी एखादी आकृती काढून टाकून तेथे पार्श्वभूमीचा रंग भरतो. काळ लोटला की वरचा थर विरळ होत जातो आणि खालची, चित्रकाराने नाकारलेली रेषा अंधुक दिसू लागते. इटालियन कलाभ्यासकांनी अशा रेषेला ‘पेंटिमेंतो’ हे नाव दिले. त्या शब्दाचा मूळ अर्थ पश्चात्ताप असा आहे. झाकलेली चूक पुसली जात नाही, ती केवळ वाट पाहत राहते, एवढा सगळा आशय त्या एका संज्ञेत सामावला आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय खेळाने हीच संज्ञा, तिच्या इंग्रजी रूपात, आपले शीर्षक म्हणून घेतली. त्या खेळाचा विचार वाङ्मयीन समीक्षेच्या पृष्ठांवर करावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. त्याचे उत्तर तात्त्विक चर्चेने देण्यापेक्षा प्रत्यक्ष कृतीकडे वळून दिलेले बरे.

‘पेंटिमेंट’ हा खेळ अमेरिकेतील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेतील एका लहानशा गटाने घडविला. जॉश सॉयर हे त्याचे दिग्दर्शक व हॅना केनेडी या कलादिग्दर्शिका. ही संस्था 2018 पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची असल्यामुळे या कृतीला काटेकोर अर्थाने ‘स्वतंत्र’ निर्मिती म्हणता येणार नाही. परंतु तिची प्रकृती मात्र त्याच परंपरेतली आहे. तीत युद्धकौशल्य नाही, वेगाची कसोटी नाही. सपाट, द्विमितीय चित्रपृष्ठावरून एक मनुष्य चालत जातो, दारे ठोठावतो, लोकांशी बोलतो, त्यांच्या पंगतीला बसून जेवतो. जुन्या संभाषणप्रधान साहसखेळांची ही रीत होय. सॉयर हे इतिहासाचे पदवीधर. पंधराव्या शतकातील जर्मनीवर बेतलेला ‘डार्कलँड्स’ हा 1992 चा खेळ त्यांच्या मनात दीर्घकाळ घर करून होता, आणि उम्बेर्तो एको यांच्या ‘गुलाबाचे नाव’ (1980) या कादंबरीचे ऋणही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

कथेचे स्थळ बव्हेरियाच्या डोंगराळ भागातील टासिंग नावाचे कल्पित गाव आणि त्याच्या माथ्यावरचा किअरसाउचा बेनेडिक्टपंथी मठ. काळ 1518. मध्ययुग मावळते आहे, पण मावळले आहे असे त्या गावात कोणाला वाटत नाही. गुटेनबर्गचे छापील बायबल निघून साठ वर्षे होऊन गेली, तरी या मठात अजून पोथ्या हाताने लिहिल्या व रंगविल्या जातात. न्यूरेंबर्गचा आन्द्रेआस मालर हा तरुण चित्रकार तेथे मोबदल्यावर काम करीत आहे, आणि उस्तादपद मिळवून देणारी आपली कृती पुरी करण्याच्या खटपटीत आहे. ‘मालर’ म्हणजे चित्रकार, जसा गावातला ‘ड्रुकर’ म्हणजे मुद्रक. माणसाचे नाव आणि त्याचा धंदा यांची फारकत त्या काळी पुरती झालेली नव्हती. मठात रोथफोगल नावाचा एक उमराव येतो, ल्यूथरच्या नव्या लिखाणाची वार्ता आणतो, आणि त्याचा खून होतो. प्रेताजवळ सापडतो तो पिएरो हा वृद्ध चित्रलेखक, आन्द्रेआसचा स्नेही व गुरुतुल्य माणूस. त्याला वाचवायचे तर दुसरा अपराधी दाखविला पाहिजे.

येथवर ही एक रीतसर रहस्यकथा आहे. परंतु रहस्यकथेचा वाचकाशी एक अलिखित करार असतो : शेवटी सत्य कळेल आणि कळलेले सत्य मनाची अस्वस्थता शमवील. हा करार येथे जाणूनबुजून मोडला आहे. संशयित अनेक आहेत आणि प्रत्येकाजवळ खुनाला पुरेसे कारण आहे. वेळ मात्र मोजका आहे. एका घरी जेवावयास बसावे तर दुसऱ्या घरचे बोलणे हुकते. एक दफ्तर धुंडाळावे तर एक साक्षीदार निसटतो. चौकशीसाठी आर्चडीकन येतात तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती चार धागे असतात आणि त्यांतला एकही पुरता घट्ट नसतो. त्या धाग्यांच्या बळावर कोणाकडे बोट दाखवायचे हे त्याने ठरवावे. मग त्या माणसाचा शिरच्छेद होतो, गाव तो पाहते. आपण दाखविलेला माणूस खरोखर खुनी होता की नव्हता, याचा उलगडा खेळ करीत नाही. पुढेही नाही, अगदी अखेरीसही नाही.

या योजनेचे मर्म नीट ध्यानी घेतले पाहिजे. संगणकीय खेळातील ‘निवड’ हा गुण मानून त्याची फार वाखाणणी होते. खेळणारा स्वतःच कथेचा कर्ता होतो, असे सांगितले जाते. माझ्या मते ‘पेंटिमेंट’चे मोठेपण या समजुतीला दिलेल्या धक्क्यात आहे. येथे निवड मिळते ती ‘कोण’ एवढ्यापुरती. कोणीतरी मरणार, हे ठरलेलेच आहे. शोकात्म नाटकातील नायकाला जेवढे स्वातंत्र्य असते तेवढेच येथे आहे : नियतीचा आराखडा बदलता येत नाही, पण त्या आराखड्यात आपल्या हाताने भरलेल्या रंगाची जबाबदारी झटकताही येत नाही. कादंबरीचा वाचक न्यायाधीशाच्या चुकीकडे तटस्थपणे पाहू शकतो. या खेळात ते ताटस्थ्य उरत नाही, कारण अपुऱ्या पुराव्यावर बोलण्याचे धाडस आपणच केलेले असते. आणि ते का केले हे प्रामाणिकपणे तपासू गेल्यास पुष्कळदा असे आढळते, की ज्याच्या मृत्यूने गावाचे कमी नुकसान होईल, किंवा जो आपल्याला मुळातच रुचला नव्हता, त्याच्याकडेच आपले बोट वळले. नीतीचा हा अनुभव वाचनाने मिळतो त्याहून वेगळ्या जातीचा आहे.

आन्द्रेआसच्या मनातही एक दरबार भरतो. त्यात सॉक्रेटिस आहे, दान्तेची बिआट्रिस आहे, पौर्वात्य राज्याचा दंतकथेतला धर्मराजा प्रेस्टर जॉन आहे आणि संत ग्रोबियानही आहे. हा शेवटचा संत कोणत्याही चर्चने मानलेला नव्हे. सेबास्टियन ब्रांटने 1494 मध्ये ‘मूर्खांचे जहाज’ या उपहासकाव्यात असभ्यपणाचा आश्रयदाता म्हणून त्याला जन्म दिला. मनाची द्विधा अवस्था दाखविण्यासाठी त्या मनातल्याच ग्रंथसंस्कारांना देह देणे ही कल्पना सुशिक्षित सोळाव्या शतकाला शोभणारी आहे.

परंतु या कृतीत मला सर्वांत विचारगर्भ वाटते ती तिची अक्षरे. पात्रांचे बोलणे येथे ऐकू येत नाही. ते पडद्यावर लिहिले जाते, आणि प्रत्येकाचे अक्षर त्याच्या सामाजिक स्थानाप्रमाणे वेगळे असते. मठवासीयांचे शब्द कोनदार, दाट गॉथिक वळणात उमटतात. विद्वानांचे मानवतावादी वळणात. शेतकऱ्यांचे ओबडधोबड, घाईच्या हस्ताक्षरात. मुद्रकाच्या घरी तर खिळे जुळवून छापाचा दाब द्यावा तशी वाक्ये उठतात. लिहिताना चूक होते, ती खोडली जाते, दुरुस्त होते. रागावलेल्या माणसाच्या बोलण्यावर शाईचे शिंतोडे उडतात. ईश्वराचे नाव येते तेथे आधी जागा मोकळी राहते आणि मागाहून ते तांबड्या शाईने भरले जाते, जसे जुन्या लेखनिकांनी भरले असते. ही वळणे लेटरमॅटिक या अक्षररचनाकार संस्थेने तयार केली. ज्या वाचकांनी पोथी बाळबोधीत आणि हिशेब मोडीत पाहिला आहे, त्यांना लिपीचे वळण हेच माणसाचे स्थान सांगते ही गोष्ट निराळी समजावून द्यावी लागणार नाही.

यातली खरी खुबी पुढे आहे. ही अक्षरे पात्रांची नसून आन्द्रेआसच्या समजुतीची आहेत. एखाद्याला तो अडाणी समजून चालतो आणि बोलता बोलता तो लॅटिन जाणणारा निघतो. त्या क्षणी त्याच्या शब्दांचे वळण पालटते. म्हणजे आपण इतका वेळ वाचीत होतो तो माणूस नव्हता, त्याच्याविषयीचा एक पूर्वग्रह होता. ज्याच्या हाती निवाडा आहे त्याच्या दृष्टीचाच हा दोष इतक्या साध्या साधनाने उघडा करून दाखविणे, आशय आणि अभिव्यक्ती यांच्या एकरूपतेचे याहून समर्पक उदाहरण मला अलीकडच्या कोणत्याही माध्यमात आढळले नाही.

चित्रशैलीतही हाच विचार आहे. रंगवलेली हस्तलिखिते आणि लाकडी ठशांची छापील चित्रे, 1493 च्या ‘न्यूरेंबर्ग बखरी’त आढळतात तशी, या दोन परंपरा येथे शेजारी शेजारी नांदतात. रंग उजळ आहेत, ऋतू सुंदर आहेत. या खेळाला उदास म्हणतात ते काळोखामुळे नव्हे. त्याची उदासी कालप्रवाहाची आहे.

ती दुसऱ्या भागात प्रकटते. मधे सात वर्षे गेली आहेत. साल 1525, जर्मन शेतकऱ्यांच्या उठावाचे. आन्द्रेआस आता नावाजलेला चित्रकार आहे, शिष्य बाळगून आहे, आणि आतून रिता झाला आहे. त्याचा मुलगा वारला आहे, संसारात ओलावा उरलेला नाही. गावातली त्या वेळची मुले आता कामाला लागली आहेत, काही घरांत पाळणा हलतो, काही घरांत रिकामा आहे. मठाधिपतीने कर वाढविले, जंगलात जाण्याची बंदी केली. मेमिंगेन येथे त्याच वर्षी मांडल्या गेलेल्या बारा मागण्यांत जंगल, मासेमारी, वेठ आणि आपला धर्मोपदेशक आपण निवडण्याचा हक्क हेच विषय होते; त्या मागण्या छापून दूरवर पोहोचल्या, आणि छापखान्याचे सामर्थ्य काय असते ते या गावालाही कळते. पुन्हा एक खून, पुन्हा अपुरा पुरावा. पहिल्या निवाड्याने ज्यांचे घर उद्ध्वस्त झाले, ते लोक आता आन्द्रेआसला रस्त्यात भेटतात, आणि त्यांना तो आठवतो. अखेर शेतकरी मठाला आग लावतात. ग्रंथ वाचविण्यासाठी आन्द्रेआस त्या ज्वाळांत शिरतो.

एको यांच्या कादंबरीतही ग्रंथालय जळते, आणि त्या आगीबरोबर कथा जवळजवळ संपते. ‘पेंटिमेंट’ त्या राखेवर आणखी अठरा वर्षे पुढे जातो. हा फरक लहान नाही. विद्वानाच्या दृष्टीने ग्रंथालयाचा नाश म्हणजे जगाचा अंत; गावाच्या दृष्टीने दुसऱ्या दिवशी सकाळी गुरे चारावयास न्यायचीच असतात.

तिसऱ्या भागात, 1543 मध्ये, नायकपद मुद्रकाची मुलगी माग्दालेने हिच्याकडे येते. नव्या नगरभवनाच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगविण्याचे काम तिच्या वडिलांकडे होते. ते जायबंदी झाल्याने ते तिच्या अंगावर पडते. काय रंगवावे हे ठरविण्यासाठी ती घरोघर विचारीत हिंडते, आणि आधीच्या दोन भागांत जे आपण केले ते आता लोकांच्या तोंडून, निरनिराळ्या रूपांत, ऐकू येते. कोणी ते विसरले आहे, कोणी त्याची दंतकथा केली आहे, कोणी त्याविषयी बोलतच नाही. इतिहासलेखनाचा प्रश्न येथे एखाद्या व्याख्यानासारखा येत नाही, चुलीपुढच्या गप्पांसारखा येतो.

येथेच खेळाची एक उणीवही नोंदविली पाहिजे. खुनांच्या मागे चिठ्ठ्या लिहून माणसांना चिथावणारा एक हात होता, आणि तो गावच्या फादर थॉमसचा होता, असे शेवटी उघड होते. गाव ज्या दोन संतांच्या आधारावर उभे आहे ते मोरित्झ आणि सातिया हे मुळात रोमन देवता मार्स आणि डायना आहेत, हे कळले तर गावाची श्रद्धा कोसळेल, ही त्याची भीती. देवतेच्या खाली देवता सापडणे हे धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही, आणि ही कल्पना शीर्षकाशी पुरेपूर सुसंगतही आहे. परंतु थॉमस आपले कारण फार स्पष्ट, फार शहाण्या शब्दांत मांडतो. जी कृती आतापर्यंत आपल्याला अनिश्चिततेत जगावयास लावीत होती, ती या एका ठिकाणी अर्थ सांगावयास बसते. सुदैवाने ती अर्धेच सांगते; चिथावणी कोणाची ते कळते, तरी प्रत्यक्ष हत्यार कोणाच्या हाती होते हे अंधारातच राहते. माग्दालेनेचे हिंडणेही काही ठिकाणी रेंगाळते, आणि गावातल्या इतक्या कुटुंबांची नावे ध्यानात ठेवणे सोपे नाही. तरी पानाच्या समासात उमटणारी टिपणे व चेहरे वाचकाला सावरून घेतात.

त्या रेंगाळण्यातही काही साधले आहे, असे दुसऱ्यांदा खेळताना जाणवते. भित्तिचित्राच्या एकेका चौकटीत काय यावे, संतांची कथा की त्याआधीचे दैवत, शेतकऱ्यांचा उठाव कसा दाखवावा, हे माग्दालेने ठरविते, म्हणजे पुन्हा आपणच ठरवितो. या वेळी कोणाचे शीर जात नाही. पण जे चौकटीबाहेर राहिले ते गावाच्या स्मरणातूनही हळूहळू बाहेर पडणार, हे तिला ठाऊक आहे. चित्र पुरे झाल्यावर गावकरी भिंतीपुढे जमतात, आणि जो तो त्या रंगांत आधी आपल्या घरची माणसे शोधतो.