पांढऱ्या पडद्यापुढचा माणूस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांची ओळखपत्रांसाठी आम्ही एकदा चाळीस छायाचित्रे काढविली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी आली, आणि नोंदणी म्हटली की छायाचित्र आलेच. पाठीमागे पांढरे हवे, अशी अट होती. पासपोर्टलाही तेच मागतात. आम्ही चुना दिलेली भिंत पाहून एकेकाला तिला टेकवून उभे केले आणि समोर एक दिवा लावला. कचेरीने निम्मी छायाचित्रे परत केली. शेरा एकच : चेहरा ओळखू येत नाही. प्रत्येकाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

‘माणसेच काळी, त्याला कोण काय करणार?’ असे एक गृहस्थ म्हणाले. ते आम्हांला झोंबले. साताऱ्यातील एका छायाचित्रकाराकडे दोन दुपारी बसून आम्ही त्याचे उत्तर घेऊन आलो. तेच श्रोत्यांपुढे ठेवतो.

कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे यंत्र भोळे असते. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करडी आहे, असे ते धरून चालते. चौकटीत बहुतेक पांढरी भिंतच असली की उजेड फार झाला असे समजून ते तो कापते. मग भिंत करडी होते आणि सावळा चेहरा काळाठिक्कर. दोष रंगाचा नव्हे, मोजमापाचा. माप चेहऱ्यावर घ्यावे, भिंतीवर नव्हे.

भिंतीला टेकल्याने कानामागे सावली पडते, म्हणून माणसाला पुढे ओढावे, तर दुसरीच अडचण. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणि भिंत त्याच्यामागे आणखी तीन फुटांवर असली, तर भिंतीला चेहऱ्याच्या चौथाईच उजेड मिळणार. ती पांढरी दिसावी कशी? तेव्हा भिंतीला तिचे स्वतःचे दिवे हवेत. माणूस पाच-सहा फूट पुढे बसवावा. दोन बाजूंनी दोन दिवे भिंतीवर तिरपे सोडावेत आणि त्यांचा झोत गालांवर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठे उभे करावेत. चेहऱ्याचा दिवा निराळा, जरा उंच, एका अंगाला. दुसऱ्या गालाशी पांढरा पुठ्ठा.

भिंतीवर चेहऱ्याच्या दुप्पट उजेड पुष्कळ झाला. आठपट केलात तर तो परतून भिंगात शिरतो आणि चेहरा धुरकटतो. हौशी माणूस इथेच फसतो, आम्हीही फसलो.

राहिली टोपी. आमचे म्हातारे हमाल ती काढायला तयार नव्हते, आणि पांढऱ्यावर पांढरी टोपी विरघळून जाते. त्यावर दोन्ही अंगांना, चौकटीच्या जरा बाहेर, काळी घोंगडी टांगली. कडेने येणारा उजेड घोंगडी पिऊन टाकते आणि टोपीची कड उमटते. घोंगडी हमालांचीच होती.

दुसऱ्या खेपेची सारी छायाचित्रे कचेरीने ठेवून घेतली. एका म्हाताऱ्याने आणखी एक प्रत मागितली, मोठी, घरात लावायला.